हातचं पाणी

माणूस मारायचा धंदा करणाऱ्यांचेही काही नियम असतात, असं म्हटलं की सज्जन माणसं हसतात. हसोत बापडी. सज्जनांचे नियम दुष्काळात किती टिकतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय. देविदास आणि केरबा या जोडीचा नियम एकच होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. ज्याच्या हातचं पाणी प्यायलो, त्याच्यावर त्या दिवशी हात उचलायचा नाही. दुसरा दिवस उगवला की पाणी फिटलं.

हा कायदा गुरुबसप्पाचा. उदगीरकडचा हा म्हातारा अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा आणि दोन्हींत शिव्याच जास्त असायच्या. देविदास आणि केरबाला त्यानंच नांदेडात हाताखाली घेऊन तयार केलं होतं. जोडीनं काम करणाऱ्यांसाठी त्यानं कायद्याला एक शेपूट जोडलं होतं. कामावर निघताना जोडीदारांनी एकमेकांना आपल्या हातानं पाणी पाजायचं. "ह्या धंद्यात कुणाला तरी पाठ द्यावीच लागती," तो म्हणायचा, "पाणी पाजून द्या." म्हातारा अंथरुणात, म्हातारपणानं मेला. या धंद्यात ते भाग्य फार थोड्यांचं, तेव्हा त्याचा कायदा खोटा म्हणायची दोघांचीही प्राज्ञा नव्हती.

एकदा धर्माबादला मिरचीच्या एका व्यापाऱ्याचं काम होतं. देविदास गिऱ्हाईक बनून दुकानात गेला. उन्हानं जीव कासावीस झालेला, व्यापाऱ्यानं तांब्या पुढे केला आणि हा गडी घटाघटा प्यायला. बाहेर येऊन कपाळावर हात मारून घेतला. केरबानं त्याला मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग दोघंही मुकाट धर्मशाळेत जाऊन आडवे झाले. जोडीतल्या एकानं प्यायलेलं पाणी दोघांनाही बांधायचं, म्हणून व्यापाऱ्याला एक दिवस फुकटात मिळाला. तो त्यानं कसा घालवला कोण जाणे. बहुतेक मिरच्याच निवडल्या असतील.

देविदास किनवटकडच्या एका खेड्यातला. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव ओढ्यात सोडले आणि पोरानं शिकून साहेब व्हावं म्हणून जन्मभर मोलमजुरी केली. पोरानं काय केलं ते दिसतंच आहे. पण लहानपणी गावच्या आडावर कुणीतरी उंचावरून आपल्या ओंजळीत पाणी ओततंय, अंगावर शिंतोडे उडताहेत आणि घागर आपल्याला शिवू नये म्हणून ओतणारी बाई मागे मागे सरकतेय, हे त्याच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. गुरुबसप्पाच्या खोलीत पहिल्या दिवशी केरबानं त्याच्या हातातला पेला ओढून घेतला, ओठ लावून अर्धा प्यायला आणि उरलेला परत त्याच्या हातात दिला. त्याला त्यात काही विशेष केल्यासारखं वाटलंच नव्हतं. देविदासनं त्या दिवशी त्याला मनातल्या मनात भाऊ मानला. माणूस मारायला शिकायच्या खोलीत आपल्याला माणूस म्हणून वागवणारा भेटावा, यावर हसायचं की रडायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

तर अशी ही जोडी भगवानरावांच्या पदरी होती. भगवानराव औशाकडचे. लातूर नवं नवं जिल्हा झालं तशी गावाला बाशिंग बांधल्यासारखी कळा आली. नवी कचेरी, नव्या पाट्या, नव्या खुर्च्या आणि खुर्च्यांवर डोळा ठेवून इस्त्रीचे कपडे घालणारी नवी माणसं. त्यात पाऊस रुसला. दुष्काळ कुणाची माती करतो तर कुणाचं सोनं. भगवानरावांना पाण्याच्या टँकरचं काम मिळालं आणि ज्या माणसाच्या नावानं लोक दारं लावून घेत, त्याला लोक पाणीवाले साहेब म्हणायला लागले. गळ्यात हार पडायला लागले की मागची माणसं डोळ्यांत खुपतात. हे जग जाणतं. देविदास मात्र जाणत नव्हता, कारण त्याचा जीव भगवानरावांवर नव्हताच. त्याचा जीव केरबावर होता.

केरबाचा सांगावा आला म्हणून तो नांदेडहून एसटीनं लातूरला आला, केरबाच्याच घरी मुक्कामाला राहिला. सकाळी केरबाच्या बायकोनं, पंचफुलानं, भाकरी आणि ठेचा वाढला. एरवी "भावजी, अजून घ्या की" म्हणून पिच्छा पुरवणारी बाई आज मान वर करत नव्हती. डोळे सुजलेले. धुरानं असतील, देविदासला वाटलं. केरबानं नेहमीसारखा देविदासच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडून घेतला, त्याच्याच ठेच्याला लावून खाल्ला. मग उठून स्वतःच्या हातानं तांब्या भरून आणला.

"पी देवा. पोटभर पी. ऊन लई हाय आज."

देविदास प्यायला. मग रीतीप्रमाणे त्यानं तांब्या भरला आणि केरबापुढं धरला.

"माझं पोट तट्ट झालंय," केरबा म्हणाला. "वाटंत पितो." आणि बाहेर जाऊन टँकर चालू करायला लागला.

देविदासनं आपला ॲल्युमिनियमचा चंबू भरून बरोबर घेतला. वाटेत तर वाटेत.

टँकरला कुणी अडवत नाही, म्हणून ते हल्ली टँकर घेऊनच कामाला जात. कामही झालं आणि पाणीही पोहोचलं. भगवानरावांच्या डोक्याला दाद द्यायला हवी. आजचं काम औशाच्या पुढं, एका कोरड्या तळ्याच्या काठी होतं. माणूस तिथं यायचा होता. कोण माणूस ते केरबानं सांगितलं नाही. "गेल्यावर दावतो," एवढंच म्हणाला. क्लीनर नव्हता. "त्याला सुट्टी दिली," केरबा म्हणाला आणि गिअर टाकला.

औशाच्या अलीकडं एका वस्तीवर टँकर रिकामा करायचा होता. बायका घागरी घेऊन सकाळपासून बसलेल्या. देविदासनं पाइप सोडला तशी ही झुंबड उडाली. त्यातच एक म्हातारी, धुरपताबाई म्हणून सगळे हाका मारत होते तिला, काठी टेकत पुढं आली. घागर उचलायचं बळ नव्हतं तिच्यात. देविदासनं चंबू तिच्या ओठांना लावला. ती लहान लेकरागत प्यायली.

"कुणाचा रं तू?" तिनं विचारलं.

"किनवटकडचा हाय, माय."

"देव तुला उदंड आयुष्य दिवो, बाबा." तिनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तिच्या पिढीतल्या बाईनं चांगल्या पावसाच्या साली आधी आडनाव विचारलं असतं. दुष्काळात तहान आधी विचारते, आडनाव मागाहून.

चंबूत पाणी उरलं होतं. देविदास तो घेऊन केरबाकडं गेला. केरबा घामानं निथळत होता, ओठ पांढरे पडलेले. चंबू बघितला, नजर वळवली आणि टँकरच्या मागं जाऊन नळाखाली ओंजळ धरली. तळाचं, गंजाच्या वासाचं पाणी गटागटा प्यायला. स्वतःच्या हातानं.

देविदास चंबू धरून तसाच उभा राहिला. बायका बघत होत्या. आडावर उभं असताना लागायचं तसंच आणि तिथंच त्याला लागलं.

टँकर पुन्हा रस्त्याला लागला तेव्हा तो बाहेर बघत बसला. बाहेर बघण्यासारखं काय होतं? तुराट्यांचे खुंट, भेगा पडलेली रानं, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं. मनात मात्र हिशेब लागत गेला. केरबा हल्ली भगवानरावांसारखे पांढरे कपडे घालायला लागलाय. भगवानरावांच्या घरच्या पूजेला केरबा बायकोसह बसला होता आणि देविदासला निरोपसुद्धा नव्हता. नवा जिल्हा, नवी उठबस. त्या उठबशीत हा चंबू कुठं बसायचा? ज्याला जिथं एकदा पोळलंय, तिथंच त्याचा हात आधी जातो.

त्यानं शेवटचं म्हणून पुन्हा विचारून बघितलं. चंबू पुढं केला. "घे. दोन घोट."

"नको म्हणलं ना."

"केरबा, खरं सांग. जात आडवी आली का?"

केरबाचा पाय ॲक्सिलेटरवरून सुटला. टँकर गचके खात हळू झाला. त्यानं देविदासकडं बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. आणि मग रस्त्याकडं बघत म्हणाला,

"हाव."

देविदासनं चंबू मांडीवर ठेवला.

"मालकापाशी बसावं-उठावं लागतं आता," केरबा म्हणाला. "लोकं बघत्यात. तू मनाला लावून घिऊ नको, देवा."

मनाला लावून घेऊ नको! जगात एकच माणूस होता ज्याच्यापुढं देविदास आपलं जन्मगाव, जात, सगळं विसरून बसू शकत होता. तो माणूस आता मनाला लावून घेऊ नको म्हणत होता. देविदासच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आजवर भल्याभल्यांना रडताना बघितलं होतं आणि तो कधी हलला नव्हता. आज त्याला रडू आलं आणि रडू आल्याची लाज वाटली नाही.

औसा मागं पडलं, किल्ल्याचे बुरूज उन्हात विरून गेले. टँकर कच्च्या रस्त्याला वळला. आणि गचके खाता खाता देविदासच्या डोक्यात एक साधीच गोष्ट आली. सकाळी केरबानं त्याच्या ताटातली भाकरी खाल्ली होती. त्याच्या उष्ट्या ठेच्याला लावून.

उष्टी भाकरी चालते आणि पाणी चालत नाही, ही कुठली जात? ज्याला विटाळ होतो त्याला आधी भाकरीचा होतो, मग पाण्याचा. जगात भाकरी खाऊन फक्त पाणी टाळणारी जात एकच होती. ती गुरुबसप्पाची होती.

आजचा माणूस कोण, केरबानं का सांगितलं नाही. क्लीनरला सुट्टी का. पंचफुलाचे डोळे कशानं सुजले. सकाळी स्वतःच्या हातानं तांब्या भरून का पाजला. पोटभर पी, देवा! आपलं पाणी घ्यायचं नाही आणि त्याच्या पाण्यात आपल्याला बांधून टाकायचं. म्हाताऱ्याचा कायदा देविदास पाळणार हे केरबाला पक्कं ठाऊक होतं. त्याच विश्वासाची त्यानं दोरी वळली होती.

"टँकर थांबीव," तो म्हणाला.

"काहून? तळं तर त्ये दिसून राहिलंय."

"लघवीला लागलंय."

केरबानं थांबवला. देविदास खाली उतरला, टँकरच्या पुढून वळसा घालून केरबाच्या दाराशी आला, कमरेचा गावठी कट्टा काढला.

"खाली उतर. हात दिसू दे."

केरबा उतरला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. उलट इतका वेळ डोक्यावर धरलेलं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसे त्याचे खांदे खाली आले. कमरेचा कट्टा त्यानं दोन बोटांत धरून काढला आणि मडगार्डवर ठेवला.

"मालकानं सांगितलं?"

"हाव. म्हणले, माझ्या मागं दोन जिभा हायत, मला एकच परवडंल. कुणाची ठिवायची त्ये तू ठरीव." केरबानं घाम पुसला. "म्या न्हाई म्हणलं असतं तर तुला विचारलं असतं त्यांनी. तू काय म्हणला असता?"

"म्या न्हाई म्हणलं असतं."

"माझ्या घरात बायको हाय, देवा."

"म्हणून मला मारायचं, त्ये समजलं मला. पोट लागलंय, मारतोस. धंदाच हाय आपला." देविदास म्हणाला. "पण जात का म्हणलास? दुसरी हजार कारणं व्हती. पोट दुखतंय म्हण, उपास हाय म्हण. तुला म्हाईत व्हतं की मी ह्या एका गोष्टीवर लगेच इस्वास ठिवीन. मला कुठं लागतं त्ये तुला दावलं व्हतं म्या, केरबा. दुसऱ्या कुणाला दावलं न्हाई. तिथंच हाणलंस."

केरबा मटकन पायरीवर बसला. "तूच इचारलंस," तो म्हणाला. "तूच इचारलंस म्हणून तोंडातून निघून गेलं. त्यावेळेपास्नं मी टँकर हाकून राहिलोय का काय करून राहिलोय, मला शुद्ध न्हाई." मग त्यानं मान वर केली. "आण."

"काय?"

"पाणी आण. पितो."

देविदासनं डाव्या हातानं चंबू पुढं केला. केरबानं तो दोन्ही हातांनी घेतला, ओठ लावला आणि एकदाही न थांबता सगळा प्यायला. मिशांवरून ओघळलेलं पाणी पुसलंसुद्धा नाही.

"झालं," तो म्हणाला. "आता आज तरी मला तुझ्यावर हात उचलता येत न्हाई. बस गाडीत. तुला नांदेडपातूर सोडतो, फुडं किनवटच्या जंगलात घूस. मालकाला मी काय सांगायचं त्ये सांगतो." आणि तो वळून केबिनमध्ये चढायला लागला.

देविदास बघत होता. ती पाठ त्यानं किती वेळा बघितली होती, आणि प्रत्येक वेळी त्या पाठीमागं तो निर्धास्त होता. आज त्याला ती पाठ वाचता येईना. हा खरंच प्यायला की प्यायल्याचं सोंग केलं? ज्यानं जातीची थाप मारली तो पाण्याची मारणार नाही कशावरून? केबिनमध्ये सीटखाली दुसरा कट्टा असेल. नांदेडच्या वाटेवर माणसं उभी केली असतील. तासाभरापूर्वी या माणसानं पाणी नाकारलं तर देविदासनं चुकीचा अर्थ लावला होता. आता त्यानं पाणी घेतलं, आणि त्याचा अर्थ लावायची देविदासची हिंमतच उरली नव्हती.

केरबानं केबिनमध्ये हात घातला. देविदासनं घोडा दाबला.

स्वतःच्या पोटात सकाळचं पाणी आहे, हे त्याला आवाज विरल्यावर आठवलं. केरबा पायरीवरून घसरून खाली आला. त्याच्या मुठीत टँकरची चावी होती.

टँकर तिथंच सोडून देविदास चालत औशाला आला. तो पळून जाऊ शकत होता. औशाच्या स्टँडवर सोलापूरची गाडी लागलेली होती, तिच्यात बसला असता तर या गोष्टीचा पुढचा भाग सांगायची वेळ आली नसती. पण विश्वासघात झालेल्या माणसाला एक खोड जडते. किती जणांनी मिळून केला, ते त्याला जाणून घ्यायचं असतं. भाकरी वाढताना पंचफुलाला ठाऊक होतं का? एवढं एकच त्याला विचारायचं होतं. होतं म्हणाली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. मग तळ्याकाठी जे झालं ते रास्त ठरलं असतं. तो लातूरच्या गाडीत बसला.

दिवस कलताना तो केरबाच्या दारात उभा राहिला. पंचफुला अंगणात तांदूळ निवडत होती. त्याला बघितल्याबरोबर तिच्या हातातलं सूप खाली पडलं. ती उठली, पुढं आली, त्याच्या दंडाला हात लावून बघितला आणि तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"आलात भावजी," ती म्हणाली. "आलात तुम्ही. मला वाटलं..."

"तुला म्हाईत व्हतं," देविदास म्हणाला.

"हाव. राती सांगितलं त्यांनी. सकाळी तुम्हाला भाकर वाढली तवा कशी वाढली माझं मला ठाऊक. सांगावं तर नवरा जातो, न सांगावं तर तुम्ही." ती आसवं पुसत होती आणि नवी येत होती. "दारातून निघताना पाय धरले मी त्यांचे. म्हणलं, भावजींच्या अंगाला हात लावला तर ह्या घरात पाय ठिवू नका. काही बोलले न्हाईत. नुस्तं मानेनं हाव म्हणले. म्हणलं, बाहेर पडल्यावर इसरतील. पण न्हाई इसरले, ऐकलं माझं!"

तिनं सांडलेले तांदूळ भराभर सुपात गोळा केले. आता ती हसत होती, तीच, पिच्छा पुरवणारी पंचफुला. दारातून रस्त्याकडं डोकावून आली.

"तुम्ही म्होरं आलात व्हय? टँकर लावायला गेले असतील." ती चुलीकडं वळली. "बसा भावजी. ह्ये येस्तोवर भात घालते. सकाळच्यान कुणाच्या पोटात काही नसंल."

देविदास उंबऱ्याशी बसला. आत चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला, आणि मग पंचफुलानं आतूनच विचारलं की त्यांना यायला किती वेळ लागेल.

"येतील," देविदास म्हणाला. "तू घाल भात."